कुंकवाखालचा दिवा

मला खोटं बोलायला जमत नाही, असं माझी बायको कनीज चारचौघांत सांगते. तिने माझे कामाचे रिपोर्ट कधी वाचलेले नाहीत.

मी जळगावचा अय्युब. दुकानं, दवाखाने, कारखाने यांचे सर्व्हर सांभाळतो. धुळ्याला कुसुमअक्कांच्या रक्तपेढीत चार वर्षांपूर्वी डिस्कची पेटी बसवली ती मीच. पेटीत चार डिस्क असतात आणि माहिती चौघींत अशी वाटलेली असते, की एक मेली तरी उरलेल्या तिघी गाडा ओढतात, काम क्षणभरही थांबत नाही. मेलेली काढायची, नवी घालायची, झालं. मात्र ती बदलायच्या आत दुसरी मेली तर सगळंच जातं. हे शेवटचं वाक्य मी गिऱ्हाइकासमोर नेहमी जरा हळू बोलतो.

अक्कांनी बावीस वर्षं साक्रीच्या पाड्यांपासून पार जळगावपलीकडच्या पहूरपर्यंत पायपीट करून रक्तदात्यांची नावं जमवली होती. सगळी नावं मशीनवर चढली तेव्हा जुन्या वह्यांना वाळवी लागत होती. आता त्या ठेवून काय करणार, असं मीच म्हणालो आणि त्यांनी त्या टाकल्या. एक प्रत बाहेर वेगळी ठेवा, हेही मी सांगितलं होतं, नाही असं नाही. पण ज्या सुरात सांगितलं, त्या सुरातलं कुणी मनावर घेत नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी दहाला अक्कांचा फोन आला. साक्रीकडची पुना नावाची बाई पलीकडच्या दवाखान्यात बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. तिचा गट ज्याला बॉम्बे गट म्हणतात तो, हजारोंत एखाद्याचा. अशा माणसाला त्याच गटाशिवाय दुसरं कुणाचंच रक्त चालत नाही. अक्कांच्या यादीत त्या गटाचे नऊ जण होते, पण यादी उघडत नव्हती. मुंबईहून पिशवी यायला दुसरा दिवस उजाडणार होता आणि डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. अक्का एवढंच म्हणाल्या, "तुम्ही निघा."

मी नवी डिस्क पिशवीत टाकली आणि निघालो. पारोळ्यापर्यंत मी मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या देत होतो. कुणीतरी प्लग काढला असणार, कुणीतरी नको तिथे बोट घातलं असणार. दोष दुसऱ्याचा असला की गाडी बरी चालते.

वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत एसी दोन दिवसांपासून बंद होता. बाहेर त्रेचाळीस अंश होते, आत त्याहून जास्त असावेत. मी पेटीसमोर बसलो. चारही डिस्कच्या तोंडावर कुंकवाचा एकेक जाड टिळा होता. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात, तशी रक्तपेढीचा जुना शिपाई जीवराम मशीनचीही करायचा. त्याने नेमका त्या बारीक दिव्यावरच टिळा लावला होता. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे मेली, हे सांगणारा डोळाच त्याने बंद केला होता.

मी नखाने कुंकू खरवडलं. पहिला दिवा हिरवा होता, चौथा हिरवा. तिसरा लाल. नोंद काढून पाहिली, तर ती डिस्क नोव्हेंबरातच मेली होती. सहा महिने बाकीच्या तिघी गपगुमान ओझं वाहत होत्या. आणि दुसऱ्या डिस्कचा दिवा पिवळा लुकलुकत होता, म्हणजे तीही शेवटच्या घटका मोजत होती. तिच्यावर पुनाचा जीव टांगलेला होता. मला भीती वाटली, हे सरळच सांगतो.

अक्कांचे दीर लालचंदजी संस्थेचे विश्वस्त. ते दारात उभे राहून नवी डिस्क घालायची घाई करत होते. मी नाही म्हणालो. नवी घातली की मशीन ती भरून काढायला उरलेल्या तिघींचा कोपरान् कोपरा वाचायला घेतं, सात-आठ तास. मरायला टेकलेल्या डिस्कला डोंगर चढायला लावण्यासारखं ते. ती अर्ध्या वाटेत गेली असती. मी ठरवलं, की पेटीला हात लावायचा नाही, खालचे सगळे कॉम्प्युटर बंद करायचे आणि फक्त दात्यांच्या यादीची फाइल हळूहळू बाहेर ओढायची. लालचंदजी म्हणाले, रक्तपेढी बंद ठेवायची का? अक्कांनी त्यांच्याकडे न बघताच खालच्या मुलींना कॉम्प्युटर बंद करायला सांगितलं.

दुसरी डिस्क हात लावू देत नव्हती इतकी तापली होती. रक्ताच्या पिशव्या नेताना पेटाऱ्यात ठेवतात ते बर्फाचे पॅक जीवरामने न सांगता वर आणले. ते स्टुलावर रचून मागे टेबलफॅन लावला आणि गार वारा पेटीवर सोडला. साडेबाराला फाइल निघायला लागली. एकच्या सुमारास एकसष्ट टक्क्यांवर आकडा थांबला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आतून डिस्कचा टक्, टक् असा आवाज येत होता.

पुनाची आई सुमनबाई कुणालाही न विचारता जिना चढून आली आणि दाराशी खाली बसली. ती पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"भाऊ, तुम्हीन काय करी राहिनात ते माले समजत नही," ती म्हणाली. "पन घाई करू नका. नीट करा."

पुन्हा सुरू करायची कळ दाबायला माझं बोट अर्ध्यावर गेलं होतं. ते मी मागे घेतलं. आणखी आठ मिनिटांनी आकडा बासष्ट झाला. मग त्रेसष्ट.

तीनला दहा कमी असताना फाइल पूर्ण बाहेर आली. मी बाकीचं काढायला लागलो आणि चौथ्याच मिनिटाला पिवळा दिवा लाल झाला. रक्ताच्या तपासण्यांचे सगळे जुने रेकॉर्ड गेले. पण यादी हातात होती. अक्का स्वतः फोन लावत बसल्या. पहिला नंबर बंद होता. दुसरा माणूस सुरतेला गेला होता, तिसऱ्याने मागच्याच महिन्यात रक्त दिलं होतं. चौथा पहूरचा कौतिक. तो केळीच्या बागेत होता, तसाच मोटारसायकलवर बसून जळगावला गेला, तिथे रक्त दिलं आणि पिशवी रुग्णवाहिकेतून धुळ्याला निघाली. पाचवी बाई धुळ्यातलीच निघाली. ती रिक्षाने आली.

साडेसहाला दवाखान्यातून निरोप आला की पुनाचा धोका टळला. सुमनबाई धावत आली आणि माझ्या पाया पडायला वाकली.

"तुम्हीन मनी पोर वाचाडी, भाऊ."

मी दोन पावलं मागे सरकलो. मला त्या बाईच्या डोळ्यांकडे बघवेना.

तेवढ्यात लालचंदजींनी जीवरामला ऑफिसात बोलावलं. तुझ्या एका टिळ्यापायी बाई मेली असती, उद्यापासून येऊ नकोस, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. तीस वर्षं नोकरी केलेला माणूस मान खाली घालून उभा होता. तो माझ्याकडे वळला आणि अगदी हळू बोलला.

"साहेब, मी तुम्हले इचारं व्हतं. फोनवर. टिळा लावू का. तुम्हीन सांगं, चालस."

खरं होतं. दसऱ्याच्या घाईत मी चालतं म्हणालो होतो, कुठे लावतोस ते विचारलं नव्हतं. गप्प बसलो असतो तर ते तिथेच मिटलं असतं, शिपायाचा शब्द आणि इंजिनिअरचा शब्द. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. मी सगळंच सांगितलं. वीज गेली की पेटीचा भोंगा बोंबलायचा, म्हणून तो मीच कायमचा बंद केला होता. इशाऱ्याचा ईमेल जायचा तो पत्ता नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा होता. आणि पेटीच्या जानेवारी व एप्रिलच्या तपासणीला मी आलोच नव्हतो. फोनवर जीवरामला विचारलं, तो म्हणाला, बठ्ठं ठीक शे, म्हणजे सगळं ठीक आहे, आणि मी जळगावात बसून रिपोर्ट भरला.

अक्कांनी माझ्या रिपोर्टांची फाइल मागवली. चष्मा लावून दोन्ही पानं काढली. 'चारही दिवे स्वतः पाहिले. हिरवे.' खाली माझी वळणदार सही. मला वाटलं, त्या आता मला बाहेर काढतील. त्यांचा तो हक्क होता.

"तुम्ही आला नव्हतात, हे मला माहीत होतं," अक्का म्हणाल्या. "तरी ग्राहकाची सही म्हणून खाली मी सही केली. दोन्ही वेळा."

मग त्यांनी फाइल फिरवून दिरांपुढे सरकवली.

"भाऊजी, यात जीवरामची सही कुठे आहे, ती दाखवा."

लालचंदजींनी पान वाचलं, उलटलं, पुन्हा वाचलं. जीवराम केव्हाच वर गेला होता. स्टुलावरचे बर्फाचे पॅक वितळले होते, ते घेऊन तो खाली आला आणि पुन्हा गोठवायला फ्रीजरमध्ये ठेवायला लागला.