वहिनीने न दिलेला राजीनामा

वहिनीने राजीनामा दिलेला नाही. कार्यालयाच्या नोंदीत मात्र तो आहे, तिच्याच लॉगिनमधून, सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी.

"भावोजी, तेव्हा मी स्वेटरची वीण बघत होते हो! साहेब म्हणतात, आता माघार नाही."

विणीची लिंक कुणी पाठवली? तिच्या जागेवर डोळा असलेल्या बाईंनी. मला बसवेना. जिना उतरलो, पुन्हा चढलो. त्या पानात राजीनाम्याचा फॉर्म लपवलेला असणार. पान उघडताच तो आमच्या सर्व्हरकडे गेला आणि वहिनीने लॉगिन केलेलं असल्याने सर्व्हरने तो तिचाच मानला.

नाही, एवढं सांगून भागणार नाही. आमच्या प्रत्येक फॉर्मसोबत एक गुप्त टोकन, म्हणजे दर वेळी बदलणारा सांकेतिक आकडा, जायचं आणि परत येताना तपासलं जायचं. बाहेरच्या पानाला ते ठाऊक नसतं. ही तपासणी गेल्या महिन्यात मीच बंद केली, कारण जेवून येईपर्यंत टोकनची मुदत संपते आणि फॉर्म पुन्हा भरावा लागतो म्हणून सगळे माझ्या डोक्यावर बसले होते. वहिनीसुद्धा.

साहेबांना म्हणालो, "राजीनामा वहिनींनी पाठवलेला नाही."

"कशावरून?"

मी त्यांना मांजराच्या फोटोची लिंक पाठवली. ते मांजर पाहून हसले. मग त्यांच्या स्क्रीनवर ओळ आली: तुमचा राजीनामा मिळाला.

"कुठल्या शहाण्याने बनवलाय हा फॉर्म?"

"मी. तपासणीही मीच बंद केली. आधी वहिनींचा राजीनामा रद्द करा, मग तुमचा. माझा नंतर मागा."