पहिली निवड

कपिलने कोपर मारलं ते बरोबर बरगडीखाली बसलं. एर्लांगेनचा तो धिप्पाड जर्मन मिडफिल्डर कळवळून वाकला, आणि वाकता वाकता त्याने बुटाचे खिळे कपिलच्या पोटरीवरून खाली ओढले. मोज्यातून रक्त झिरपायला लागलं. पंच ब्रांडल यांचं लक्ष तेव्हा चेंडूवर होतं. कपिल थुंकला, तर थुंकी लाल निघाली. ओठ केव्हा फुटला ते त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

"या भाड्याच्या लोकांना फुटबॉल येतो, पण मार खाता येत नाही," तो शेजारून धावणाऱ्या प्रसन्नला म्हणाला.

"देता येतो की. पायाकडे बघ स्वतःच्या," प्रसन्न म्हणाला.

ऑक्टोबरचा पहिला रविवार होता. रेगेन्सबर्गच्या डोनाऊ नदीकाठच्या मैदानावर बव्हेरियातल्या चार मराठी मंडळांची स्पर्धा चालू होती. नावाला मैत्रीपूर्ण! एरवी वर्षभर गाडीच्या दरवाजातल्या दशांश मिलिमीटरच्या फटीवरून सभ्यपणे वाद घालणारी ही इंजिनिअर मंडळी या दिवशी एकमेकांच्या नडग्या फोडायची, आणि मग एकाच पातेल्यातली मिसळ ओरपून आपापल्या गावच्या गाड्या पकडायची. कुणी लंगडत जायचं, कुणी नाकात कापूस घालून. सोमवारी ऑफिसात विचारलं, तर जिन्यावरून पडलो म्हणून सांगायचं.

स्पर्धेचा खरा जीव मात्र सामन्यांत नव्हता, त्यानंतरच्या रांगेत होता. नव्या सेमिस्टरला शिकायला आलेली मुलं मैदानावर ओळीने उभी करायची आणि चारही कप्तानांनी आळीपाळीने एकेक उचलायचा. जो संघ शेवटचा आला त्याने पहिला उचलायचा, म्हणजे दुबळ्याला बळ मिळतं. उचललेला मुलगा दोन वर्षं त्या संघाचा, पुढे तो मोकळा. अमेरिकेतल्या चुलतभावाकडून तिकडच्या फुटबॉलची ही रीत ऐकून कपिलनेच ती दहा वर्षांपूर्वी इथे सुरू केली होती, आणि तिचा त्याला फार अभिमान होता. माणसं घडवायची असतात, बाजारातून आणायची नसतात, हे वाक्य त्याने दर वर्षी मिसळीच्या वेळी ऐकवलेलं होतं. लोक तोवर दुसरा पाव घ्यायला उठलेले असायचे.

एर्लांगेनचा कप्तान शशिकांत याने त्या रीतीत नेमकी फट शोधली. दोन वर्षं भरून मोकळी झालेली, दुसऱ्यांनी घासूनपुसून तयार केलेली मुलं तो अलगद उचलायला लागला. कुणाला आपल्या विभागात विद्यार्थ्यांची नोकरी, कुणाला घराच्या पोटमाळ्यावर खोली. वर जिल्ह्याच्या लीगमधले दोन जर्मन खेळाडू 'मंडळाचे स्नेही' म्हणून पैसे देऊन आणलेले. नियमाने यात गैर काहीच नव्हतं, आणि तिथेच तर कपिलचा जळफळाट व्हायचा.

रेगेन्सबर्ग लागोपाठ दोन वर्षं शेवटचं आलं होतं. संघाचा धीर सुटत चालला होता. याही वर्षी काही जमलं नाही, तर पुढच्या वर्षापासून प्रसन्नच्या म्हणण्याप्रमाणे माणसं विकत आणायची आणि कपिलने कप्तानपद सोडायचं, असं ऑगस्टमध्ये ठरलं होतं. त्याच ऑगस्टमध्ये तनयचा मेसेज आला होता.

तनय ही कपिलची दोन वर्षांपूर्वीची पहिली निवड. साताऱ्याचा, काटकुळा, पायात वीज, पण समोरून कुणी अंगावर आलं की डोळे मिटायचा. त्याला दोन महिने खोली मिळाली नाही तेव्हा तो कपिलच्या सोफ्यावर झोपला, कपिलच्या बायकोच्या, मीनलच्या हातची थालीपीठं खाऊन अंगाने भरला. हिवाळाभर शनिवारी कपिल त्याला घेऊन मैदानावर जायचा. चेंडू मध्ये ठेवायचा, आणि लांबून पूर्ण वेगाने त्याच्या पायावर धावून जायचा. अगदी शेवटच्या क्षणी स्वतःचा पाय काढून घ्यायचा. "डोळे उघडे ठेव. मी आहे ना," म्हणायचा. शेकडो वेळा असं केल्यावर पोराची भीती मेली. मग दोन वर्षं भरत आली, आणि मेसेज आला: 'दादा, शशिकांतसरांकडे जॉब मिळालाय, एर्लांगेनला शिफ्ट होतोय. टीमपण तीच. रागावू नकोस.' कपिलने उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला होता. मीनलने विचारलं तेव्हा, "चांगलं झालं की त्याचं," एवढंच तो म्हणाला होता.

आज तोच तनय एर्लांगेनच्या पिवळ्या जर्सीत डाव्या बगलेतून सुसाट सुटत होता. एक गोल त्याने मारलाही होता. एर्लांगेनने सकाळी एक जर्मन खेळाडू गुडघ्यापायी गमावला होता, म्हणून तेही रेगेन्सबर्गसारखेच तळाला घुटमळत होते. हा सामना जो हरेल तो शेवटचा.

मध्यंतराला एक-एक अशी बरोबरी होती. प्रसन्नने कपिलला पाण्याच्या बाटल्यांपाशी गाठलं.

"हरूया," तो हळूच म्हणाला. "तो कोल्हापूरचा यशोधन बघितलास ना सकाळी? पहिली निवड आपली झाली तर तो आपला. पुढच्या वर्षी कुणाला विकत आणायचीही गरज नाही. ऑगस्टमधलं ठरलेलं मी मागे घेतो, म्हणजे तुझं कप्तानपदही राहतं. गेनाऊ, अगदी तुला हवंय तेच."

"हरायला मी बूट घालत नाही."

"अरे पण फायदा..."

"प्रसन्न, तोंड बंद ठेव. नाहीतर आधी तुलाच आडवा करीन."

प्रसन्न हसला नाही. कपिलचे डोळे त्याने पाहिले होते.

दुसऱ्या सत्राची दहा मिनिटं झाली असतील. तनयने मध्यरेषेजवळ चेंडू घेतला, एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं. समोर फक्त कपिल उरला. तनयने चेंडू किंचित पुढे जाऊ दिला, थेट कपिलच्या आवाक्यात, आणि मान वर करून बघितलं. डोळे सताड उघडे होते. ते डोळे बघून कपिलच्या डोक्यात काहीतरी फुटलं. सोफा, थालीपीठं, तो अंगठा, सगळं एकदम वर आलं. तो धावत गेला, जमिनीसरशी झाला आणि उजवा पाय सगळ्या वजनानिशी घातला. चेंडूवर नाही, चेंडूच्या मागे.

शेवग्याची शेंग मोडताना येतो तसा आवाज आला. मग तनय ओरडला, आणि त्या ओरडण्याने सगळ्यांना जाग आली. त्याचा पाय घोट्याच्या वर जिथे वळू नये तिथे वळला होता.

पहिला ठोसा त्या जर्मन मिडफिल्डरने मारला, कपिलच्या कानशिलावर. कपिल उठून त्याच्यावर झेपावला. शशिकांतने मागून त्याची कॉलर धरून गळा आवळला, तेव्हा प्रसन्नने शशिकांतच्या तोंडावर डोकं आपटलं. चष्मा फुटला, नाकातून रक्ताची धार लागली. चाळिशीतले, पोट सुटलेले, मंडळांच्या कार्यक्रमांत एकमेकांना 'नमस्कार' म्हणणारे गृहस्थ चिखलात लोळून एकमेकांना लाथा घालत होते. कुणीतरी कोपऱ्यातला झेंडा उपटून आणला होता. पंच ब्रांडल शिट्टी फुंकून फुंकून लाल झाले. शेवटी त्यांनी कपिलच्या नाकासमोर लाल कार्ड धरलं, आणि त्या तांबड्या तुकड्याकडे बघत कपिलच्या मुठी सैल पडल्या.

तो तनयपाशी जाऊन गुडघ्यांवर बसला. मीनल आधीच तिथे होती, पोराचं डोकं मांडीवर घेऊन. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. तनयचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि दात वाजत होते.

"तनय," कपिल म्हणाला.

"दादा," तनय म्हणाला, "मला चुकवता आलं असतं रे. मी मुद्दाम पाय ठेवला. म्हटलं, तू काढशील."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. गणित चुकलेल्या मुलासारखा तो नवल करत होता. कपिलने त्याच्या हाताला हात लावला, तर तो हात थंडगार होता. त्याला रडावंसं वाटलं, भयंकर लाज वाटली, आणि कुणाच्याही तोंडाकडे बघायची हिंमत झाली नाही. रुग्णवाहिका आली. मीनल तनयबरोबर आत चढली, आणि तिने दार आतून ओढून घेतलं.

उरलेला सामना दहा माणसांनी तीन-एक असा हरला. रेगेन्सबर्ग शेवटचं आलं. सामना संपल्यावर गोष्ट अशी पसरली, की कपिलने काय डोकं लावलं! एका पायात एर्लांगेनचा हुकमाचा पत्ता गेला, लाल कार्डाने सामना गेला, आणि पहिली निवड आपली झाली. दोघातिघांनी येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. "मला म्हणत होतास तोंड बंद ठेव," प्रसन्न म्हणाला, आणि त्याच्या सुजलेल्या कपाळाखाली डोळे कौतुकाने चमकत होते. मी तसं काही ठरवलं नव्हतं, मला फक्त त्याचा पाय मोडायचा होता, हे कपिलला सांगता आलं असतं. तो वाकून बुटाची नाडी आवळायला लागला.

"रांग लावायची ना?" कुणीतरी चाचरत विचारलं.

शशिकांत नाकाला टॉवेल दाबून उभा होता. "लावा," तो टॉवेलातून म्हणाला. "रीत ती रीत. त्यांचीच आहे."

अकरा मुलं उभी राहिली. नव्याकोऱ्या जॅकेटांतली, जर्मनीत येऊन जेमतेम तीन आठवडे झालेली. यशोधन डावीकडून चौथा होता. कोल्हापुरात तालमीच्या संघातून खेळलेला. सकाळच्या चाचणीत त्याने पाच जणांना चकवून गोल केला होता, आणि मग मागे वळून, धक्क्याने पडलेल्या गोलकीपरला हात देऊन उठवलं होतं, त्याच्या पाठीवरचं गवतसुद्धा झाडलं होतं. असा मुलगा आज सगळं बघून आपल्याला नाही म्हणेल, असं कपिलला वाटलं. नुसतं वाटलं नाही, तो तसं मनोमन मागत होता. याने एक पाऊल मागे घेतलं असतं, तर निदान या मैदानावर कुणीतरी खरं बोललं असं झालं असतं.

"यशोधन," तो म्हणाला.

मुलगा हसत पुढे आला. जर्सी घेण्याआधी वाकून त्याने कपिलच्या पायांना हात लावला, आणि उठताना फक्त त्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "दादा, तुमच्याच टीममधी यायचं होतं. आमच्याकडं पण असंच असतंय, पण असा टायमिंगचा पाय कुणाचा बघितला नव्हता. मला शिकवाल?"

मागे रेगेन्सबर्गचा संघ शिट्ट्या मारत होता. कपिलने जर्सी त्याच्या हातात दिली. चिखलाने आणि रक्ताने वाळलेली आपली बोटं पांढऱ्या कापडावर उमटलेली त्याला दिसली.

"शनिवारी दहाला ये," तो म्हणाला. "नडगीवर शिनगार्ड घालून. मी समोर असलो, तरी काढायचे नाहीत."

यशोधनला ती गंमत वाटली. तो मोठ्याने हसला, आणि काय बोलणं झालं ते न ऐकताच मागची सगळी मंडळीही हसायला लागली.