इंद्रायणीचं बोट, बाबाचा हात

येडगावात आरतीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. जन्मात एक शब्द न बोललेली तिची लेक इंद्रायणी लिहायला लागली होती! समोर भस्माचं ताट, पोरीचं मनगट अक्षरबाबाच्या मुठीत. बोट सरसर फिरलं आणि भस्मात उमटलं: ‘आई, मी आहे.’

आरती धाय मोकलून रडली.

“शाळेची पायरी न चढता लिवती, राव!” गर्दीतला गेणभाऊ ओरडला.

“सरस्वती माझ्या नाडीतून तिच्या नाडीत उतरते,” अर्धे डोळे मिटून बाबा म्हणाला. उरलेले अर्धे ताटावर होते.

पुढच्या बैठकीत बोटानं लिहिलं: ‘आत्याने जीभ बांधली.’

आत्या म्हणजे ठमाबाई, आरतीची विधवा नणंद. पोरीला न्हाऊ घालणारी, तिचा आकांत सुरू झाला की घोंगडीत घट्ट लपेटून धरणारी. “अगं, मी वाढवली हिला!” ती म्हणत राहिली. आरतीनं तिचं गाठोडं उकिरड्यावर फेकलं. कुणीतरी दगड मारला, तो कपाळावर बसला. ठमाबाई निमगाव सावाला मावसबहिणीकडे गेली.

इंद्रायणी स्वतःचा हात चावू लागली. “चेटूक उतरतंय,” बाबा म्हणाला.

अशा मुलांना शिकवायला जुन्नरहून येणाऱ्या बुशरा मॅडम पुढच्या बैठकीला आल्या. बोट लिहीत होतं आणि पोर छपराकडे बघत होती.

“ताई, ही ताटाकडं बघतच नाही. मग लिहितंय कोण?”

“तुमचा इस्वास नसंल, मॅडम. घ्या काय परीक्षा घ्यायची ती!” आरती तणतणली.

मॅडमनी सगळ्यांदेखत लाडवाचा डबा उचलला आणि बाबाला बाहेरच ठेवून पोरीला आत नेलं. तिथं आरतीच्याच हातानं तिला पेरूची फोड भरवली. बाहेर येऊन विचारलं, “बाळा, काय खाल्लंस?”

बाबानं मनगट धरलं, बोट फिरलं: ‘लाडू.’

“मी तर पेरू भरवला!” आरती ओरडली.

“सोड तिचा हात,” आरती बाबाला म्हणाली. हात सुटताच इंद्रायणीनं भस्माचं बोट तोंडात घातलं. गर्दी शिव्या देत उठली तोवर बाबा मोटारसायकलवर बसला होता.

“मॅडम, ‘आई, मी आहे’, तेवढं तरी खरं व्हतं ना?”

“नाही ताई. तेही त्यानंच लिहिलं.”

आरती खाली बसून पोरीच्या बोटाचं भस्म पुसू लागली. मॅडम तिच्याजवळ टेकल्या. “चित्रं दाखवून हवं ते मागायला शिकेल ती. वेळ लागेल. जुन्नरला अशा लेकरांचे आईबाप दर शनिवारी जमतात. तुम्ही या. एकट्या राहू नका.”

दुसऱ्या दिवशी आरती पोरीला घेऊन निमगाव सावाला गेली. ठमाबाईच्या कपाळावर पट्टी होती. इंद्रायणीनं धावत जाऊन तिच्या पोटात डोकं खुपसलं.

“चुकले, वन्सं. घरी चला.”

ठमाबाईनं पोरीला आत घेतलं. “ज्यानं लिवलं, त्यालाच ने घरी,” आरतीला म्हणाली आणि तिच्या तोंडावर दार लावलं.

मनगट धरून लिहवलेलं अक्षर मनगट धरणाऱ्याचं असतं. न बोलणाऱ्या लेकराची जीभ कुणी बांधत नाही आणि कुठला बाबा ती सोडवतही नाही. त्या लेकराला शिकवणारं कुणी लागतं, आणि त्याच्या आईला हाताशी माणसं लागतात. आरतीच्या घरात असं एक माणूस होतं.