काकू, येते

शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५ रोजी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या पत्नीच्या, सुनंदाच्या, फोनवर रोमन अक्षरांत दोन शब्दांचा संदेश आला : ‘काकू, येते.’

तो दीमाचा होता. दीमा गाझात राहते. कुवेतमधल्या हवल्लीत आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या अबू नाइल या शिक्षकांची ती भाची. पुण्याच्या एका महाविद्यालयात तिला यंत्र अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला होता. अडले होते ते फक्त गाझाबाहेर पडण्याच्या परवानगीवर. पुण्यात अडचण नको म्हणून सुनंदा उन्हाळाभर, नेटवर्क मिळेल तसे, तिला मराठी शिकवत होती.

“घरातून निघताना ‘जाते’ नाही म्हणायचं. ‘येते’ म्हणायचं,” तिने एकदा फोनवर सांगितले होते.

“आणि खरंच येत असेन, तर?” दीमाने विचारले होते.

“तेव्हाही ‘येते’च.”

शेजारी बसलेले अबू नाइल हसले होते. मी इंजिनिअर, म्हणून ते मला अरबीत ‘मुहंदिस’ म्हणत. “मुहंदिस, तुमच्याकडे यजमानानं दार लावायचं की पान वाढायचं?”

संदेश वाचून सुनंदा म्हणाली, “अहो, सुटली पोरगी.” मीही तोच अर्थ घेतला. ‘कुठपर्यंत आलीस?’ असे विचारले, पण उत्तर आले नाही. प्रवासात असेल, असे आम्ही धरले. बातमी कळताच अबू नाइल घरच्या कपड्यांतच वर आले. मी पुण्याला फोन लावला.

“साहेब, सोमवारी पाचपर्यंत मुलगी इथं समोर पाहिजे,” कार्यालयातील बाई म्हणाल्या. “नंतर जागा प्रतीक्षायादीला जाते.”

“ती निघाली आहे,” मी सांगितले.

दुपारी अबू नाइल एगैलाच्या मॉलमधून तिच्यासाठी पावसाळी कोट घेऊन आले. पुण्यात सप्टेंबरात पाऊस असतो का, हे त्यांनी मला दोनदा विचारले.

संध्याकाळी दीमाचा फोन आला. सुनंदाने विचारले, “कुठं पोहोचलीस?”

“घरीच आहे, काकू. सकाळी चार्ज संपत आला होता, म्हणून ‘येते’ म्हणून निरोप घेतला.”

“परवानगी?” मी विचारले.

“नाही आली. इथं कुणाचीच आली नाही.” मग तिने विचारले, “काकू, शब्द चुकला का माझा?”

“नाही गं. अगदी बरोबर वापरलास,” सुनंदा म्हणाली, आणि फोन अबू नाइल यांच्या हाती देऊन आत गेली.

सोमवारी सकाळी मी कामावरून, शुऐबा भागातल्या कारखान्यातून, पुन्हा पुण्याला फोन केला आणि मुदत वाढवून मागितली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. असे फोन आणखीही येत आहेत, पण नियम वरून आलेला आहे, असे त्या म्हणाल्या.

त्या महाविद्यालयाने गाझातील चार विद्यार्थ्यांना प्रवेश दिला होता. मुदतीपर्यंत हजर झालेले विद्यार्थी : शून्य.