तिघींची सीट

लक्ष्मीकांतजींनी चहाचा कप पुढे सरकवला आणि अगदी सौजन्याने नकार दिला.

“मॅडम, गाडी तो पहले से भरी आती है. बच्चियों को कहाँ बिठाऊँ? और जिम्मेदारी किसकी?”

अरुंधती मोघे लॅपटॉप मिटून उठली. ती याच वर्षी मुख्याध्यापिका झाली होती आणि इंदूरच्या पोलोग्राउंडमधल्या तिच्या शाळेत नववीचा वर्ग अर्धा रिकामा पडला होता. बड़ा गणपतीकडच्या वस्तीतल्या मुली आठवीपर्यंत घराजवळ शिकत. पुढे हिच्या शाळेत यायचं तर वाटेत ट्रकांचा तळ आणि टपऱ्यांवरची रिकामटेकडी टोळकी. घरचे म्हणत, पुरे झालं शिक्षण. आणि त्याच वाटेने, शाळेच्या फाटकावरून, लक्ष्मीकांतजींच्या गोळ्या-बिस्किटांच्या कारखान्याची बस कामगार बायकांना घेऊन रोज ये-जा करत असे.

नव्या मुख्याध्यापिकेला सोबत म्हणून संस्थेने निवृत्त मुख्याध्यापक श्रीकृष्ण ओक यांना नेमलं होतं. ते बुधवारी येत, समोर बसून ऐकत. सल्ला असा कधी देत नसत. त्याचा तिला सुरुवातीला रागच यायचा.

“मालक नाही म्हणाले, सर. आता संस्थेकडून पत्र पाठवावं म्हणते.”

ओक चष्मा पुसत राहिले. “पाठवा की. पण गाडी भरलेली असते म्हणाले ना? कोण असतं तिच्यात?”

“कामगार बायका.”

“त्यांच्याशी बोललात?”

ती बोलली नव्हती. तिच्या ते मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत ती कारखान्याच्या फाटकाशी गेली. कडुनिंबाखाली बायका डबे उघडून बसल्या होत्या. मालकाला लॅपटॉपवर दाखवलेले आलेख इथे काढायची तिला लाज वाटली. तिने फक्त नववीच्या रिकाम्या बाकांबद्दल सांगितलं. शाळा सुटल्यावर बस येईपर्यंत मुली वाचनालयात बसतील, मी स्वतः त्यांच्याबरोबर थांबेन, म्हणाली.

“आम्हीच दबून-दबून येतो, मॅडम,” एकजण म्हणाली. बाकीच्या खाली बघून जेवू लागल्या.

अरुंधतीने मान डोलावली आणि पर्स खांद्याला अडकवली.

“रुका जरा.”

डब्याचं झाकण लावत एक चाळिशीची बाई उठली. कस्तुरी. तिच्या आजोबांना मिलच्या नोकरीने खानदेशातून इथे आणलं होतं. घरात मराठी टिकली होती, पण इंदूरची होऊन.

“काय है ना, दोघींच्या सीटवर तिघी बसू. पोरी बारीकच असतात. रस्ता असा कितीसा आहे?” मग मैत्रिणींकडे वळून ती म्हणाली, “का गं, बसू ना?”

कोणी हो म्हणालं नाही, पण नाहीही म्हणालं नाही. संध्याकाळी कस्तुरी चौघींना घेऊन मालकाच्या केबिनच्या दारात उभी राहिली. अरुंधती त्यांच्या मागे होती.

“जिम्मेदारी किसकी?” लक्ष्मीकांतजींनी पुन्हा तेच विचारलं.

“हमारी,” कस्तुरी म्हणाली.

त्यांनी दारातल्या पाचही जणींवरून नजर फिरवली. मग त्यांनी ड्रायव्हरला बोलावून घेतलं.

सोमवारी सकाळी बस शाळेपाशी थांबली. आधी खुशी उतरली, मग पलक, मग ओढण्या सावरत, एकमेकींना ढोसत बाकीच्या. बुधवार नसूनही ओक सर आले होते. त्यांना पाहून अरुंधतीला भरून आलं, पण बोलायला वेळ नव्हता. ती कस्तुरीच्या खिडकीपाशी धावली. आभाराची वाक्यं तिने रात्रीच मनात जुळवून ठेवली होती.

“कस्तुरीताई, तुम्ही जे केलंत ना...”

“मी काय केलं, मॅडम.” कस्तुरी तिच्या डोक्यावरून पलीकडे, वर्गांच्या ओळीकडे पाहत होती. “माझी शाळा नववीतच सुटली. हीच शाळा. इतकी वर्षं बस इथूनच जाते, तर मी रोज तिकडे बसायचे, ड्रायव्हरच्या बाजूला, शाळा दिसू नये म्हणून. आज पहिल्यांदा इकडे बसले.”

गाडी सुटली. प्रार्थनेची घंटा झाली, मुली आत पळाल्या, तरी बस वळणाआड जाईपर्यंत अरुंधती फाटकातच उभी होती. ओक सर तिच्या शेजारी येऊन थांबले.