ऑर्विल टेशनं मला विचारलं तेव्हा

ऑर्विल टेशला भर मैदानात तोंडघशी पाडायचं, एवढ्यासाठीच मी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी अंपायर झालो. लोकांना सांगायचो, बेसबॉलची ओढ सुटत नाही. साफ खोटं.

माझ्या खेळण्याच्या दिवसांत आमच्या ओल्सबर्गच्या संघाचा विभागीय अंतिम सामना होता. शेवटचा डाव, बरोबरीला एक धाव हवी होती. मी तिसऱ्या बेसकडे धावत होतो. धावणाऱ्यांना इशारे द्यायला तिथे उभा असलेला माझा थोरला भाऊ डेल हात गरगर फिरवत ओरडला, "पळ! थांबू नको!" धाव पूर्ण होते त्या होम प्लेटकडे मी घसरत गेलो. माझा हात प्लेटवर आधी पडला, कॅचरचा चेंडू धरलेला ग्लव्ह खांद्याला नंतर लागला. अंपायर होता टेश, आणि तो नेमका कॅचरच्या पाठीमागे उभा. त्याला त्या पाठीशिवाय काही दिसणं शक्यच नव्हतं. तरी त्यानं मूठ आवळून हात वर केला. आऊट!

गावानं टेशला चार दिवस शिव्या दिल्या आणि डेलला कायमच्या. बारमध्ये, चर्चच्या पायरीवर, जिथं तिथं एकच. "डेल, मी गाडी मागे घेतोय, तू हात नको दाखवूस बाबा, नाहीतर ठोकेन!" दोन वर्षांनी डेल माँटानाला निघून गेला. आईला पुरायला तेवढा आला, आणि त्याच दुपारी परत गेला. टेश मात्र जिल्ह्यातल्या सगळ्या अंपायरांचा गुरू होऊन बसला.

दर एप्रिलमध्ये शाळेच्या व्यायामशाळेत तो आम्हाला शिकवायचा. "जवळ जायची घाई नको, कोन धरा. धावणारा आणि कॅचर यांच्यामधली फट दिसली पाहिजे. जागा चुकली की डोळे असून आंधळे." मी पहिल्या रांगेत बसून हे लिहून घ्यायचो आणि आतून जळायचो. त्याची सत्तरी आली होती, गुडघे गेले होते. मला फक्त वाट बघायची होती.

सहाव्या वर्षी, ऑगस्टमधल्या एका रविवारी, ती दुपार आली. सामना बेलरोझच्या मैदानावर. टेश प्लेटमागे, मी बेसवर. शेवटचा डाव, बेलरोझला बरोबरीसाठी एक धाव हवी, आणि दुसऱ्या बेसवरून टॉरिन लिंडक्विस्ट सुटला. अडतीस वर्षांचा, दुधाचा टँकर चालवणारा माणूस. हा त्याचा शेवटचा मोसम होता आणि हरले तर हाच शेवटचा सामना. चेंडू उजवीकडून आला. टेशनं बाजूला सरकायला हवं होतं, पण गुडघ्यानं दगा दिला आणि तो कॅचरच्या पाठीमागेच राहिला. मला समोरून लख्ख दिसलं, टॉरिनचा पाय आधी पोचला.

टेशचा हात वर गेला.

बेलरोझचा मॅनेजर तावातावानं धावत आला. "कुठं बघत होतास रे म्हाताऱ्या? निदान जोडीदाराला तरी विचार!"

नियमानं टेशनं विचारल्याशिवाय मला तोंड उघडता येत नव्हतं, आणि त्यानं आजवर कधी कुणाला विचारलं नव्हतं. त्या दिवशी तो मुखवटा काखेत मारून लंगडत माझ्यापर्यंत आला.

"लेलंड, मला नीट दिसलं नाही. तुला काय दिसलं?"

"आऊटच होता," मी म्हणालो. "तुमचा निर्णय बरोबर आहे."

सामना संपला. "टेश, चष्मा घे! नाहीतर वाट दाखवायला कुत्रा घे!" लोक जाळीला लटकून ओरडत होते. एकेक शिवी मी खडीसाखरेसारखी चघळली.

पण टेश निघून गेला नाही. टोपी काढून तो सरळ बेलरोझच्या बाकापाशी गेला. "टॉरिन, मी जागेवर नव्हतो. न बघता हात वर केला. जोडीदार म्हणतो ठीक होतं, पण ते मी पाहिलेलं नव्हतं. चूक माझी आहे." टॉरिननं त्याचा हात हातात घेतला. जाळीपलीकडचा आवाज विरत गेला.

माझं डोकं सणकलं. परक्या माणसाला पाच मिनिटांत दिलं, ते डेलला इतक्या वर्षांत नाही? मी टेशला त्याच्या पिकअपपाशी गाठलं.

"हे डेलला का नाही सांगितलंत?"

कोण डेल, असं त्यानं विचारलं नाही. "कॅचरनं त्याच संध्याकाळी मला खरं सांगितलं होतं," तो म्हणाला. "डेलला सांगायचा धीर झाला नाही. मग डेल गाव सोडून गेला, आणि मग तर कोणत्या तोंडानं सांगणार होतो?"

"टॉरिन आऊट नव्हता, सेफ होता. मी पाहिलं. तुमची फजिती व्हावी म्हणून खोटं बोललो."

त्याचा चेहरा पडलेला मला बघायचा होता. तो पडलाही. पण तो माझ्याकडे अशा नजरेनं बघत होता की मलाच मान खाली घालावी लागली. "मी चुकलो होतो रे, लेलंड," तो म्हणाला. "तू तर चुकलाही नाहीस. बघून केलंस."

दुसऱ्या दिवशी मी अंपायरांच्या संघटनेला सगळं लिहून कळवलं. दोन मोसमांची बंदी आली. टॉरिनला मी डेअरीवर जाऊन सांगितलं. टँकरला नळी जोडता जोडता त्यानं ऐकून घेतलं.

"माझ्या तिन्ही मुली बघायला आल्या होत्या," तो म्हणाला. "तुझं आणि टेशचं काय असेल ते असेल. मी तुझं काय घोडं मारलं होतं?"

त्यानं परत कामाला हात घातला आणि मी निघालो.

त्याच आठवड्यात माँटानाहून डेलचा फोन आला. "टेशनं फोन केला होता मला. माफी मागत होता, रडत होता म्हातारा."

"मग काय म्हणालास?"

"काही नाही. ठेवून दिला."

मला बरं वाटलं. टॉरिनशी बोलून आल्यावर तरी वाटायला नको होतं. पण वाटलं.