उम्म तीनची शीव

छापील कार्यक्रमपत्रिकेत निवृत्त हवालदार केरू यल्लाप्पा खरात यांच्या वाट्याला पाच मिनिटे आली होती. त्या पाच मिनिटांत त्यांनी 'शांतिसैनिकाचे अनुभव' सांगावेत, अशी सांगलीच्या पॅलेस्टाईन मैत्री समितीची इच्छा होती. केरूला अनुभव आठवण्याचे कष्ट पडू नयेत म्हणून समितीचे कार्यवाह प्राध्यापक नानासो यांनी ते स्वतःच लिहून पाठवले होते. कागदावर 'शांतता' हा शब्द अकरा वेळा आला होता. साताऱ्याहून सांगलीला येताना केरूने तो कागद एस.टी.त दोनदा वाचला आणि घडी करून खिशात घातला. त्याला सांगायचे होते ते त्या कागदावर नव्हते. एका परक्या गावाची शीव गेली अकरा वर्षे त्याच्या डोक्यात होती. आपण मरण्याआधी ती कुणाच्या तरी वहीत उतरावी, एवढ्यासाठीच तो आला होता.

साल १९७५, फेब्रुवारी. पॅलेस्टाईनच्या लोकांना आपले भवितव्य आपण ठरवण्याचा हक्क आहे, असा शोध संयुक्त राष्ट्रसंघाने तीनच महिन्यांपूर्वी बहुमताने लावला होता. शोधाला सत्तावीस वर्षे लागली होती. पण विद्वानांची घाई कधीच बरी नसते. त्या ठरावाच्या आनंदात सांगलीत सभा भरत होती, आणि तिच्यासाठी बैरूतहून निझार नावाचे एक संशोधक येणार होते. नकाशावरून पुसल्या गेलेल्या गावांच्या खुणा ते माणसांच्या तोंडून उतरवून घेत. पत्रिकेतली ही एक ओळ वाचूनच केरूने पत्नी भामाबाईला लुगडे बदलायला सांगितले होते.

१९६३ साली केरू शांतिसेनेची निळी टोपी घालून गाझाच्या हद्दीवर उभा होता. हद्द म्हणजे नांगराच्या तासाहून जरा खोल असा एक चर. चराच्या अलीकडे माणसांच्या छावण्या, पलीकडे त्याच माणसांची शेते. अलीकडच्यांनी पलीकडे जाऊ नये हे पाहणे, याला जगाच्या भाषेत शांतता राखणे म्हणत आणि त्याचा पगार केरूला मिळे. अबू सालिम नावाचा एक म्हातारा दर आठवड्याला चौकीपाशी येऊन बसे आणि पलीकडच्या एका उंचवट्याकडे पाहत राही. तिथे उम्म तीन हे त्याचे गाव होते. दोनदा त्याने चर ओलांडू का म्हणून विचारले, दोनदा केरूने त्याला परत फिरवले. दुसऱ्यांदा फिरवताना केरूने त्याच्यापुढे हात जोडले. तसा हुकूम नव्हता.

पुढे खुणांनी आणि मोडक्या शब्दांनी दोघांचे बोलणे सुरू झाले, तेव्हा केरूने आपल्या बापाची गोष्ट सांगितली. दोन गावांत शिवेचा तंटा पेटला की यल्लाप्पा महाराला बोलावणे येई. डोक्यावर मातीचे ढेकूळ घेऊन, अनवाणी, एकेक खूण मोठ्याने सांगत तो शीव चाले, आणि तो चालेल ती शीव खरी. ज्याचा जमिनीत वाटा नाही त्याचीच साक्ष निर्मळ, असा न्याय होता. ज्यांनी या माणसांना वाटाच ठेवला नाही, त्यांना त्यांच्या निर्मळपणाचा असा उपयोग होई. नियम तीन होते. चालताना कुणी मधे बोलायचे नाही. शीव उजव्या हाताला घालूनच चालायची, कारण उलटा फेरा फक्त मयताला. आणि शंका आली की साक्षीदाराने आहे तिथे थांबायचे, अंदाजाने पाऊल टाकायचे नाही. अंदाजाने टाकलेल्या पावलाने निर्वंश होतो, असे यल्लाप्पा म्हणे.

हे ऐकून अबू सालिम उठला. त्याने वाळूत पायाने उम्म तीनच्या शिवेचे एक लहानसे रिंगण आखले आणि केरूला बूट काढायला लावले. अबू सालिमचा थोरला मुलगा परदेशी तेलाच्या विहिरींवर होता. धाकटा म्हणे, गाव बंदुकीने परत मिळवायचे असते, पाठांतराने नाही. दोघांनाही वाटा होता. वाटा नसलेला माणूस म्हाताऱ्याला इतक्या वर्षांत एवढा एकच भेटला. सहा महिने, दर आठवड्याला, दोघे त्या रिंगणात नऊ खुणा चालले. खुणा म्हाताऱ्याच्या बोलीत, आणि कुठून कुठपर्यंत किती सिगारेटी ओढून होतात तेही. मग केरूची पलटण परतली. सदुसष्टच्या लढाईनंतर तो चरही उरला नाही.

भामाबाईला हे कधीच पटले नव्हते. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा गावकीची सगळी कामे सोडली. मेलेली गुरे सोडली तशी शीवही सोडली. "आपल्या गावाची टाकली, अन् तिकडची कशापायी डोक्यावर घेतली?" असे ती विचारी. दोन वर्षांपूर्वी त्याला मोठा ताप आला. उठला तेव्हा सातवी खूण गेली होती. सहावी होती, आठवी होती, मधले घर रिकामे. तेव्हापासून तो घाईला आला होता. आज सातवी गेली, उद्या तिसरी जाईल.

सभेचे अध्यक्ष लालासाहेब हे कृष्णाकाठचे मोठे ऊसवाले. पन्नास एकरांचा धनी, तरुणपणी फौजेत काढलेली चार वर्षे अजून मिशीत बाळगणारा. केरूला पाहताच त्यांनी, यल्लाप्पाचा का रं तू, म्हणून आपुलकीने विचारले. त्यांच्या वडलांच्या वेळी यल्लाप्पाच्या पावलांनी त्यांच्या गावाला ओढ्यापर्यंतची जमीन मिळाली होती. हे त्यांना आठवत होते. त्या दिवशी यल्लाप्पाला पाणी वरून ओतून पाजले होते, हे आठवत असावे की नाही, सांगता येत नाही.

हार झाले, नारळ झाला. निझार टोकाच्या खुर्चीवर वही मांडीवर घेऊन बसले होते, आणि नानासो त्यांच्या कानाशी इंग्रजीतून सभा पोचवत होते. केरूचे नाव पुकारले गेले. तो ध्वनिक्षेपकापाशी गेला, खिशातल्या कागदाला हात लावला, आणि त्याला कळले की उभ्याने एकही खूण आठवत नाही. त्या पायांत होत्या. त्याने वहाणा काढल्या, व्यासपीठावरून उतरला आणि सभागृहाच्या दारापासून भिंतीच्या कडेने चालू लागला.

पहिली खूण, पांढऱ्या घुमटाचा पीर. दुसरी, दोन फांद्यांत दुभंगलेला जुम्मैझ, आपल्या उंबराचा भाऊ. तिसरी, रहाट मोडलेली विहीर. तो मोठ्याने सांगत होता, पण मराठीत नव्हे. अबू सालिमने तोंडात घातले होते तसेच, त्याच्या बोलीच्या हेलासकट. निझार उठून उभे राहिले.

नानासो गडबडून खाली आले. पाच मिनिटे संपत होती, पाहुणे संकोचले होते, आणि हे अरबीसारखे काय चालले आहे ते श्रोत्यांना कळत नव्हते. त्यांनी केरूचा दंड धरला.

"हवालदार, आपलं भाषण..."

"सोडा त्याला," लालासाहेब वरून म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "शीव चाललीया. मधी बोलायचं न्हाई."

चांगले शिकलेले चारशे श्रोते एका ऊसवाल्याच्या सांगण्यावरून गप्प बसले. निझार वही घेऊन केरूच्या मागे चालू लागले. चौथी खूण, निवडुंगाचे कुंपण. पाचवी, ओढ्याचे कोपर. सहावी, तीन धोंडे, त्यांतला एक सपाट. तिसरी भिंत अर्धी झाली होती. सातवी गेली, आठवी आहे, एवढे सांगून केरू थांबला.

नानासोंनी निझार यांच्याशी बोलून घेतले आणि हलकेच सुचवले, की सातवी आठवत नसेल तर हरकत नाही; सहावीपासून आठवीपर्यंत सरळ रेघ ओढू, नकाशात तसेच करतात.

"तसंच केलंय हद्द आखणाऱ्यांनी," केरू म्हणाला. "पट्टीनं. म्हणून तर मी चरावर हुबा व्हतो."

तो होता तिथेच उभा राहिला. नियमाप्रमाणे साक्ष संपली होती. एक पाऊल अंदाजाने टाकले असते तर टाळ्या पडल्या असत्या. इथे कुणाला कळणार होते? त्याने पाय उचलला नाही.  उरलेल्या तीन खुणांतल्या दोन डोक्यात शाबूत होत्या, पण त्यांच्याकडे जायची वाट त्या रिकाम्या घरातून जात होती. दुसरी वाट एकच, उलटी.

बायकांच्या बाजूने भामाबाई उठली.

"आवं, माघारी फिरा की. पिराकडनं या उलटं."

"उलटा फेरा मयताचा असतो."

"ते शास्तर कुणाचं?" भामाबाई म्हणाली. "समदं सोडलं न्हवं आपण? मग ह्ये एवढंच कशाला धरून बसलाय? म्हाताऱ्यानं तुमास्नी गाव दिलंया, सोवळं न्हाई."

कुणीतरी हसले. लालासाहेबांनी तिकडे पाहिले, आणि हसणे थांबले.

केरू वळला. आलेल्या वाटेने नव्हे. सभागृह आडवे ओलांडून तो पहिल्या खुणेच्या जागी, दाराशी आला, आणि उजव्या हाताला भिंत ठेवून चालण्याऐवजी डाव्या हाताला ठेवून निघाला. पहिले पाऊल टाकताना त्याने डोळे मिटले होते. पीर. त्याच्याआधी नववी, शेंगांचे जुने झाड. त्याच्याआधी आठवी, खळे, त्याच्या कडेला मळणीचा दगडी रूळ. तिथे तो पुन्हा थांबला. त्याच्यात आणि मघाच्या जागेत आता भिंतीचा लहानसा तुकडा उरला होता.

निझार यांनी काहीतरी विचारले, नानासोंची वाट न पाहता, अरबीतच. सगळे शब्द केरूला कळले नाहीत, पण किती अंतर, हा प्रश्न अबू सालिमही विचारी. त्याने दोन बोटे वर केली. तीन धोंड्यांपासून खळ्यापर्यंत दोन सिगारेटी.

समितीच्या अहवालात पुढे छापून आले, की निवृत्त हवालदार खरात यांनी शांततेवर हृद्य विचार मांडले. ठराव एकमताने संमत झाला. तारा रवाना झाल्या.

त्या संध्याकाळी मात्र मांडववाले खुर्च्या उचलत असताना निझार केरूपुढे जमिनीवर बसले आणि लिहिलेले वाचून दाखवू लागले. जिथे सरळ रेघ येऊ शकली असती तिथे त्यांनी जागा कोरी ठेवली होती. सहावी खूण वाचून ते आठवीकडे वळणार, तोच केरूने हात वर केला. निझार थांबले. मांडववाल्याने खुर्ची आदळली, तरी हात खाली आला नाही. भामाबाई नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. दोन सिगारेटी ओढून व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गेला, मग केरूने हात खाली घेतला आणि म्हणाला, "आता म्हणा, खळं."